चित्रकाची मुळे बाटलीत वाढवावीत का? फोंडा तालुक्यातले एक प्रकरण

फोंडा तालुक्यात आयुर्वेदिक औषधे बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तो चालवणारे वैद्य घरच्या तिसऱ्या पिढीतले. त्यांच्या बऱ्याच वट्यांमध्ये आणि चूर्णांमध्ये चित्रकमूळ, म्हणजे चित्रक या औषधी झुडपाचे मूळ, लागते, आणि गेली काही वर्षे ते मिळण्याचीच पंचाईत झाली होती. सत्तरी तालुक्यातून मुळे आणून देणारी जुनी माणसे थकली. अभयारण्याच्या हद्दीतून काही उपटून आणायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. बेळगावच्या व्यापाऱ्याकडून येणाऱ्या पोत्यांत कधी जुनाट, किडलेली मुळे निघत, कधी मुळांपेक्षा खोडाचे तुकडेच जास्त. शिवाय मूळ काढायचे म्हणजे झाड उपटायचे. पान किंवा फळ वापरणाऱ्या औषधांना ही अडचण नाही.

वैद्यबुवा आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आले आणि त्यांनी सरळ विचारले, "मॅडम, केळीची रोपं तुम्ही लोक बाटलीत करता. मग चित्रकाचं मूळ बाटलीत का होणार नाही? आणि मूळ तरी कशाला? त्यातला गुणाचा भाग तेवढाच करा की."

या बोलण्यात दोन मागण्या आहेत. बाटलीत मूळ वाढवणे ही एक आणि मुळाशिवाय त्यातले संयुग मिळवणे ही दुसरी. दोन्हींचे शास्त्र वेगळे, खर्च वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळे. पुढचे सगळे काम या दोन मागण्या एकमेकींपासून सोडवण्यात गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. टिश्यू कल्चरने, म्हणजे झाडाचे तुकडे किंवा पेशी बाटलीत निर्जंतुक वाढवून, औषधी द्रव्ये बनवण्याचे प्रस्ताव आता गोव्यातही बरेच येतात आणि त्यांत हा गुंता हमखास असतो.

वैद्यबुवा ज्याला गुणाचा भाग म्हणत होते ते प्लंबॅगिन. नॅफ्थोक्विनोन वर्गातले हे पिवळे-नारिंगी संयुग पांढऱ्या फुलांच्या चित्रकात असते, तसेच लाल चित्रकातही. साठा मुळात, पाना-खोडात त्या मानाने फारच थोडा. वाळलेल्या मुळात ते वजनाच्या एक टक्क्याहून सहसा कमीच भरते. कातडीला लागले तर फोड आणते, आणि चित्रक गरोदर बाईला देत नाहीत त्याचे कारणही त्याच्या या उग्रपणात आहे. झाडाला वाढायला प्लंबॅगिनची गरज नसते. जमिनीतली बुरशी, कीड, शेजारची झाडे यांच्यापासून मुळाचा बचाव करायला ते बनते. हा मुद्दा पुढे फार कामाला आला.

कॅलस वाढला, रंग आला नाही

काम आम्ही पावसाळा सरून झाडे कोरडी पडल्यावर सुरू केले. जून ते सप्टेंबर गोव्यात झाडाच्या पेरापेरांत बुरशी आणि जिवाणू मुरलेले असतात. पानाचे तुकडे वरून कितीही निर्जंतुक केले तरी आठवड्याभरात बाटल्या खराब होतात. बाहेरच्या प्रयोगशाळांच्या पुस्तकांत ऋतूचा हा विचार क्वचितच सापडतो, पण कोकणपट्टीत काम करणाऱ्याने तो आधी करावा.

कुंडीतल्या निरोगी झाडाची कोवळी पाने घेतली. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, मर्क्युरिक क्लोराइडच्या 0.1 टक्के द्रावणात काही मिनिटे ठेवून निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळली. त्यांना वाढवायचे पोषक माध्यम नेहमीचेच, एमएस. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली ही क्षारांची कृती आजही जगभर पहिली निवड असते. लिटरला 30 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम अगार, पीएच 5.8, आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेत 121 अंशांवर वीस मिनिटे.

फरक होता तो फक्त संप्रेरकांत. ऑक्झिन आणि सायटोकायनिन या वाढीच्या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर तुकड्याला मूळ फुटेल, कोंब फुटेल की नुसता पेशींचा गोळा होईल हे ठरते, असे स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्येच दाखवून दिले होते. आम्ही एका गटाला टू-फोर-डी हे जोरकस ऑक्झिन दिले, म्हणजे कॅलस, तो पेशींचा गोळा, व्हावा. दुसऱ्या गटाला आयबीए हे सौम्य ऑक्झिन दिले, म्हणजे मुळे फुटावीत. दोन्ही गट एकाच झाडाच्या पानांचे, त्यामुळे जे वेगळे दिसेल ते जनुकांमुळे नाही हे पक्के होते.

कॅलस जोरात वाढला. फिकट पिवळसर, भुसभुशीत, बाटलीचा तळ भरून टाकणारा. वैद्यबुवा पाहायला आले तेव्हा खुश झाले. वाढीचा हा वेग झाडाला कधीच जमणार नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. आमच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीने तिथेच त्यांच्यासमोर साधी चाचणी केली. कॅलस खलात वाटून स्पिरिटमध्ये अर्क काढला, वर अमोनियाचे थेंब टाकले. प्लंबॅगिन आम्लधर्मी द्रावणात पिवळे असते आणि अल्कली मिळाली की लाल-जांभळे होते. बागेतल्या झाडाच्या मुळाचा अर्क शेजारीच ठेवला होता, तो गडद लाल झाला. कॅलसचा अर्क होता तसाच राहिला. नंतर टीएलसी पट्टीवर, जिच्यावर अर्कातली द्रव्ये वेगवेगळ्या ठिपक्यांत विभागली जातात, पाहिले तेव्हा प्लंबॅगिनच्या जागी जेमतेम सावली होती.

असे का व्हावे? कॅलसच्या पेशीत चित्रकाची सगळी जनुके असतातच. पण त्या पेशीला आपण विभाजनाच्या कामाला जुंपलेले असते. भरपूर साखर, भरपूर नायट्रोजन आणि वरून टू-फोर-डीचा रेटा. तिला शत्रू नाही, माती नाही, जवळ संयुग साठवायला तयार झालेली शेजारीण पेशी नाही. झाडाच्या मुळामध्ये प्लंबॅगिन बनते ते ठरावीक वयाच्या, ठरावीक जागच्या पेशींत, आणि ते स्वतः विषारी असल्यामुळे पेशीला ते रिक्तिकेत, म्हणजे आपल्या आतल्या पिशवीत, बंद करून ठेवावे लागते. ही सगळी घडी मोडली की उत्पादनही थांबते. कॅलस छान वाढला म्हणजे औषध बनू लागले, हा समज मला प्रस्तावांत वारंवार दिसतो आणि तो महागात पडणारा आहे.

या बाबतीत सर्वांत बोलका इतिहास जपानचा आहे. लिथोस्पर्मम एरिथ्रोरायझॉन नावाच्या झाडाच्या मुळांत शिकोनिन हे लाल नॅफ्थोक्विनोन असते. जखमांवरच्या मलमात आणि रंगासाठी त्याचा जुना वापर. रानातली झाडे संपत आली तेव्हा क्योटो विद्यापीठात मामोरू ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पेशी वाढवल्या. पेशी नेहमीच्या माध्यमात वाढत, पण लाल होत नसत. चिकाटीने एकेक घटक तपासल्यावर कळले की टू-फोर-डी, उजेड आणि अमोनियमयुक्त नायट्रोजन या तिन्ही गोष्टी शिकोनिनला मारक आहेत. मग मित्सुई पेट्रोकेमिकलने दोन टप्पे पाडले. पहिल्या टाकीत पेशी फक्त वाढवायच्या आणि नंतर नायट्रेटवर आधारलेल्या दुसऱ्या माध्यमात हलवून त्यांच्याकडून संयुग बनवून घ्यायचे. 1983 मध्ये हे शिकोनिन बाजारात आले, लिपस्टिकमध्येही वापरले गेले. वनस्पतिपेशींच्या संवर्धनातून व्यापारी प्रमाणावर मिळालेले ते पहिले संयुग. पेशींतले शिकोनिनचे प्रमाण झाडाच्या मुळापेक्षा कितीतरी पट जास्त होते.

वैद्यबुवांना हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग आपण पण दोन टाक्या करूया?" उत्साह खरा होता, पण जपानी गटाने त्या दोन टाक्यांआधी किती बारकाईने शोध घेतला होता ते त्यांना समजावून सांगावे लागले. चित्रकाच्या पेशींवरही असे काम झाले आहे. हैदराबादच्या संशोधकांनी 2003 साली लाल चित्रकाच्या पेशी जेलमध्ये बसवून, त्यांना कायटोसान हा डिवचणारा पदार्थ देऊन आणि बाहेर झिरपणारे प्लंबॅगिन रेझिनवर, म्हणजे ते शोषून धरणाऱ्या दाण्यांवर, पकडून उत्पादन वाढवल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे पेशी कायमच्या मुक्या नसतात, त्यांना बोलते करावे लागते.

मुळांनी उत्तर दिले

आयबीएवरच्या तुकड्यांना पांढरी मुळे फुटली. ती कापून अर्ध्या ताकदीच्या पातळ एमएस माध्यमात टाकली आणि फ्लास्क अंधारात, सतत हलवत ठेवणाऱ्या शेकरवर ठेवले. मुळे माती नसतानाही वाढत राहिली, फाटे फुटत गेले, आणि जुन्या भागावर पिवळट छटा चढू लागली. अमोनियाची चाचणी केली तेव्हा अर्क स्पष्ट लाल झाला. बागेतल्या मुळाइतका गडद नव्हे, पण शंका राहू नये इतका. टीएलसीवर ठिपकाही प्रमाणित प्लंबॅगिनच्या रेषेत आला. उजेड, पान, खोड काहीही नसताना निव्वळ साखरेवर जगणारे मूळ आपले मुळाचे काम करत होते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घातलेल्या माणसालाही हे पाहताना आनंद होतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

इथे हेअरी रूट्सचा विषय निघणे साहजिक होते. अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा जिवाणू जखमेतून शिरून आपल्या प्लास्मिडचा (डीएनएच्या छोट्या कड्याचा) एक भाग झाडाच्या जनुकांत बसवतो. त्यातल्या रोल जनुकांमुळे केसाळ मुळांचे झुबके फुटतात. ही मुळे संप्रेरकांशिवाय वाढतात, वेगाने वाढतात आणि मूळ झाडातले संयुग टिकवून धरतात. कागदावर आमच्यासाठी हाच सर्वांत चांगला मार्ग होता. आम्ही तो घेतला नाही. जनुकांत बदल झालेल्या पेशींचे काम केंद्र सरकारच्या 1989 च्या नियमांखाली येते, त्यासाठी संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, आणि आमच्याकडे ती नाही. शिवाय असे मूळ औषधात घालायचे म्हटले तर परवानग्यांचा रस्ता एका छोट्या कारखान्याच्या आवाक्यातला नाही.

साधी मुळे वाढत होती, म्हणून आम्ही त्यांना कायटोसान देऊन पाहिले. कायटोसान कोळंबीच्या, आपल्या सुंगटांच्या सालींपासून करतात. बुरशीच्या पेशीभित्तीतही असाच पदार्थ असतो, त्यामुळे तो लागताच मुळाला वाटते की बुरशी आली. मग संरक्षणाची रसायने वाढतात. मिथाइल जॅस्मोनेट आणि यीस्टचा अर्क हेही याच रीतीने वापरतात. कायटोसान दिलेल्या फ्लास्कमध्ये मुळांची वाढ मंदावली आणि माध्यम पिवळसर झाले, म्हणजे प्लंबॅगिन बाहेर झिरपू लागले होते. किती वाढले हे एचपीएलसी या नेमके प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही, आणि तो मी सांगणार नाही.

दहा हजार लिटर

आता हिशेब. वैद्यबुवांनी वही आणली होती, त्यांच्यासमोरच तो मांडला.

पातळ माध्यमात मुळांचे संवर्धन चांगले चालले तर लिटरमागे साधारण 10 ग्रॅम वाळलेले मूळ धरता येते. म्हणजे एक किलो वाळलेल्या मुळाला 100 लिटर निर्जंतुक माध्यम आणि 3 किलो साखर. क्विंटलभर मुळाला 10,000 लिटर माध्यम आणि 300 किलो साखर. त्यावर ऑटोक्लेव्हची वीज, एसी, शेकर, लॅमिनारचे, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाचे, फिल्टर, प्रशिक्षित माणसाचा पगार. आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली तर जनरेटर. मोठ्या टाकीत मुळांचा एकच गुंता होतो, आत हवा पोचत नाही आणि मधली मुळे कुजतात. एका टाकीत एक जिवाणू शिरला तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते.

क्विंटलभर मुळात, अगदी एक टक्का धरला तरी, प्लंबॅगिन किती? एक किलो.

वैद्यबुवा बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या साखरेत तर माझे सगळे आसव-अरिष्ट होतील."

टॅक्सॉलचे उदाहरण त्यांनी वाचले होते, म्हणून तेही बोलणे झाले. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी यू वृक्षाच्या सालीतले हे कर्करोगविरोधी संयुग 1971 मध्ये उलगडले. साल काढली की झाड मरते, आणि झाड वाढायला अनेक दशके लागतात. आज त्याच्या पेशी जर्मनीत 75,000 लिटरपर्यंतच्या टाक्यांत वाढवतात. ते परवडते, कारण औषधाची किंमत प्रचंड, रुग्णाला लागणारी मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि दुसरा सोपा मार्ग नव्हता. चित्रकाला यातले काहीच लागू नाही. पेरांच्या काड्या लावल्या तरी चित्रक जगतो.

आपल्या सह्याद्रीत टॅक्सॉलशी तुलना व्हावी असे झाड नरक्या आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. तेही वॉल आणि वाणी यांनीच 1966 मध्ये एका चिनी झाडात शोधले होते. त्यापासून केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी सह्याद्रीतला नरक्या बेसुमार तोडला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या कॅलसवर आणि पेशींवर काम झाले, पण बाटलीतल्या पेशींत हे संयुग झाडापेक्षा फारच कमी सापडते. तिथे मेहनत घेण्यासारखे आहे, कारण नुकसान झाडाचे आहे आणि संयुग मौल्यवान आहे.

निवळीचा रंग

निर्णय पैशांवरच झाला असता. पण त्याआधी वैद्यबुवांच्याच कारखान्यात एक गोष्ट पाहिली आणि प्रश्न मुळापासून बदलला.

चित्रकमूळ औषधात घालण्याआधी त्याचे शोधन करतात. मुळाचे तुकडे चुन्याच्या निवळीत भिजत घालतात, निवळी लाल होते, ती टाकून देतात, मुळे धुऊन वाळवतात. आमची विद्यार्थिनी ते पाहून म्हणाली, "मॅडम, ही तर आपलीच चाचणी आहे." खरेच होते. चुना अल्कली, त्यामुळे प्लंबॅगिन लाल होते आणि विरघळून निवळीत उतरते. प्रयोगशाळेत आम्ही अमोनियाने जे पाहत होतो तेच वैद्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मोठ्या भांड्यांत चालले होते, आणि उद्देश होता प्लंबॅगिन कमी करण्याचा. मुळाची उग्रता उतरवून ते पोटात घेण्याजोगे करायचे, एवढ्यासाठी.

म्हणजे प्लंबॅगिन जास्तीत जास्त असलेले मूळ वैद्यबुवांना हवेच कशाला? त्यांना हवे होते ते जून, न किडलेले, भेसळ नसलेले आणि दर खेपेला सारखे मूळ. आयुर्वेदिक औषधकोशातही चित्रकाची व्याख्या परिपक्व, वाळलेले मूळ अशी आहे. बाटलीतले आठ-दहा आठवड्यांचे नाजूक मूळ त्या व्याख्येत बसत नाही. ते औषधात घातले तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर काय देणार? माझ्या मते हा आक्षेप योग्यही आहे. जून मुळात प्लंबॅगिनशिवाय आणखी कितीतरी द्रव्ये असतात आणि वैद्यांचा अनुभव त्या सगळ्यांचा मिळून आहे.

यावर वैद्यबुवांनी वाद घातला नाही. एवढेच विचारले, "मग बाटलीचा मला उपयोग काय?"

उपयोग निघाला, पण वेगळ्या ठिकाणी. मुळांसाठी त्यांनी लागवड केली. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, नाही, कारण तिथे सावली आणि ओल फार, चित्रकाला पाण्याचा निचरा लागतो. कुळागराच्या वरच्या जांभ्याच्या उतारावर, उंच पिशव्यांत, तांबडी माती आणि शेणखत घालून पावसाच्या तोंडाला तीन पेरांच्या काड्या लावल्या. पिशवी बाजूने फाडली की मुळे अखंड मिळतात आणि खोडाचा बुडखा पुन्हा लावता येतो. मूळ जून व्हायला वर्ष-दीड वर्ष द्यायचे.

आणि आमच्या फ्लास्कमधल्या मुळांतून थोडे प्लंबॅगिन वेगळे करून त्यांच्यासाठी तुलनेचा नमुना ठेवायचा. शुद्ध प्लंबॅगिन बाजारात मिलिग्रॅमच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते, आणि दर पोत्याची तपासणी करायची तर ते परवडत नाही. विकत घेतलेल्या थोड्याशा शुद्ध नमुन्याशी आम्ही आमचा नमुना ताडून घेतो आणि रोजच्या टीएलसीला आमचा वापरतो. व्यापाऱ्याचे पोते उघडले की चिमूटभर मूळ, स्पिरिट, पट्टी, आणि अर्ध्या दिवसात कळते की मुळात दम आहे की नाही. पांढरा चित्रक की लाल, हे या चाचणीने कळत नाही, दोन्हींत प्लंबॅगिन असते. त्यासाठी मुळाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तेही विद्यार्थिनीने वैद्यबुवांच्या मुलाला शिकवले आहे.

मुळांचे फ्लास्क विभागात अजून चालू आहेत. दर चार आठवड्यांनी नवे माध्यम द्यावे लागते. पुढचे काम रेझिनचे आहे: कायटोसान दिल्यावर झिरपणारे प्लंबॅगिन तिथल्या तिथे पकडले तर मुळे न तोडता पुन्हा पुन्हा काढता येईल का, हे पाहायचे आहे.

गेल्या भेटीत वैद्यबुवांनी वावडिंगाचा विषय काढला. तेही मिळेनासे झाले आहे. या वेळी त्यांनी बाटलीची मागणी केली नाही. आधी विचारले, "मॅडम, याचा गुण फळात ना?" एम्बेलिन वावडिंगाच्या फळात असते आणि फळ काही फ्लास्कमध्ये धरत नाही. पण त्याचे बी नीट रुजत नाही, तिथे टिश्यू कल्चरने रोपे वाढवण्याला खरा अर्थ आहे. मात्र बाजारात वावडिंग म्हणून त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीची फळेही सर्रास येतात, म्हणून सुरुवात त्यांच्या डब्यातली फळे नेमक्या कोणत्या झाडाची आहेत हे तपासण्यापासून केली आहे.